अर्धा तास कथा गया?

जळगाव विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या पलीकडे ज्या खुर्च्या आहेत, त्यांतल्या एकीवर एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून भरताच्या वांग्यांचे हिरवे देठ डोकावत होते आणि त्यांचा ओला, किंचित तुरट वास एसीच्या कोरड्या हवेतही लागत होता. शेजारी नातू. मुंबईचं विमान यायला अजून अवकाश होता. समोरून जाणाऱ्या गणवेशातल्या मुलीला आजोबांनी विचारलं, "बेटा, मुंबईले जावाले कितला टाइम लागस?" ती म्हणाली, "सव्वा तास, आजोबा." त्यांनी नातवाकडे पाहिलं. नातवाने मोबाइलवर शोधून सांगितलं की हवाई अंतर ३५५ किलोमीटर आणि या विमानाचा वेग ताशी ५०० च्या आसपास. आजोबांनी डोळे मिटले, ओठ हलले. पावकी-निमकीचे, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेली पिढी ती. पाचशेची पाऊणकी पावणेचारशे, म्हणजे साडेतीनशेला पुरता पाऊण ताससुद्धा लागायला नको. डोळे उघडून त्यांनी सरळ अहिराणीत विचारलं, "मंग अर्धा तास कथा गया?" मग अर्धा तास कुठे गेला?

आजूबाजूचे हसले. मुलगी "तसंच शेड्यूल असतं" म्हणून पुढे गेली. नातू पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

आजोबा हसले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. काट्यावर केळी चढली की व्यापाऱ्याने वजनातून कटती किती धरली हे विचारणाऱ्या माणसाचा तो प्रश्न. तिकिटाचे पैसे मोजले आहेत, हिशोबात अर्धा तास कमी पडतोय, तर तो कुठे गेला हे कुणीतरी सांगायला हवं. प्रश्नाला उत्तर नसतं तर गोष्ट वेगळी. उत्तर आहे, मिनिटामिनिटाचं आहे, आणि ते कुणी दिलं नाही म्हणून तो प्रश्न टोचत राहतो.

आधी अंतराचंच पाहू, कारण ३५५ हा आकडा कुणी रस्त्यावर साखळी टाकून मोजलेला नाही. जळगावची धावपट्टी २०.९६ अक्षांशावर आणि ७५.६३ रेखांशावर आहे, मुंबईची १९.०९ आणि ७२.८७ वर. उत्तर-दक्षिण फरक १.८७ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा हे झाले २०८. पूर्व-पश्चिम फरक २.७६ अंश. इथे मात्र १११ ने गुणून चालत नाही, कारण रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात आणि आपल्या भागात त्यांच्यातला एक अंश एकशे साडेचार किलोमीटरचाच उरतो. ते झाले २८८. आता काटकोन त्रिकोण: २०८ चा वर्ग अधिक २८८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३५५. मोबाइल यापेक्षा थोडं नेमकं सूत्र वापरतो, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून गोलावरचा कंस काढतो. एवढ्या छोट्या अंतरात त्याने एखाद-दुसऱ्या किलोमीटरचाही फरक पडत नाही. लंडन किंवा टोरांटोला जायचं असेल तर मात्र त्रिकोण सोडून कंसच धरावा लागतो.

दोन गावांमधलं अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक, या दोन गोष्टी हाती असल्या की त्रैराशिकाने सगळ्या पृथ्वीचा परीघ काढता येतो, हे खानदेशाला नवीन नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात नेमकं हेच सांगितलं आहे: एकाच उत्तर-दक्षिण रेघेवरची दोन नगरं घ्या, त्यांच्यातलं अंतर मोजा; एवढ्या अंशांना एवढी योजनं, तर ३६० अंशांना किती? त्यांनी परीघ दिला ४,९६७ योजनं. योजनाची लांबी ग्रंथागणिक बदलते, पण पृथ्वीचे ४०,००० किलोमीटर या आकड्याने भागले तर एक योजन आठ किलोमीटरांचं येतं आणि जळगाव-मुंबई होतं चव्वेचाळीस योजनं. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला आणि त्यासाठी दान मिळालं, असं तो सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख जगापुढे आणला. पाटणच्या त्या दगडी मंदिराकडे श्रावणात पाय वळतात तेव्हा सगळीकडे पाणी वाजत असतं, माकडं प्रसादाच्या पिशव्यांवर टपलेली असतात, आणि याच दरीत कधीकाळी मुलं सावल्या मोजायला बसत असतील हे मनात आल्यावाचून राहत नाही.

सावल्या म्हणजे अगदी खऱ्याखुऱ्या. विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची काठी, उभा करा. भुसावळला त्याची सावली साडेचार अंगुळांच्या जराशी वर पडेल, उज्जैनला पाचाच्या वर. त्या अर्ध्या अंगुळाच्या फरकात दोन अंश आणि वर थोडं, म्हणजे जवळपास २३६ किलोमीटर दडलेले असतात. भुसावळ आणि उज्जैन हीच जोडी घेण्याचं कारण आहे. जुन्या ज्योतिषाची मध्यरेषा उज्जैनवरून जायची, जशी आज जगाची ग्रिनिचवरून जाते. ती खाली ओढली तर भुसावळच्या अंगाखांद्यावरून जाते. दोन्ही गावं पावणेशहात्तर अंशांना चिकटून आहेत. त्या रेघेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आहोत यावरून ग्रहगणितात जी दुरुस्ती करत, तिचं नाव देशांतर. हा शब्द आज आपण गाव सोडून जाण्यासाठी वापरतो. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांसाठी, पुण्याला कंपनीत लागलेल्या पोरांसाठी.

सूर्य जळगावहून मुंबईला अकरा मिनिटांत जातो. विमानाला सव्वा तास लागतो.

आता त्या अर्ध्या तासाकडे. या मार्गाला योग्य विमान म्हणजे एटीआर: दोन पंखे, सत्तर-बहात्तर खुर्च्या, चढायचं मागच्या दारातून, त्यामुळे पहिल्या रांगेचं तिकीट असलेल्याला सगळ्यात जास्त चालावं लागतं. उभं असताना त्याचा उजवा पंखा थांबलेला असतो, पण आतलं इंजिन चालूच असतं. पंख्याला ब्रेक लावून त्या इंजिनावर दिवे आणि एसी चालवतात, म्हणून शिडीकडे जाताना ती कानात घुसणारी शिटी ऐकू येते. तिकिटावरची वेळ सुरू होते ती चाकांखालच्या ठोकळ्या काढून विमान जागेवरून हलतं तेव्हा, आणि संपते ती मुंबईला पुन्हा ठोकळ्या लागतात तेव्हा. जमिनीवर रांगण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो. लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर रस्ता बहुधा नसतो. विमान पट्टीवरच मधून शिरतं, तिच्याच टोकापर्यंत चालत जातं, तिथे गर्रकन वळून तोंड फिरवतं आणि मग धावतं. यात पाच मिनिटं जातात. मुंबईत उतरल्यावर पट्टी सोडणं, दुसऱ्या विमानांसाठी थांबणं, जागेपर्यंत पोहोचणं यात दहा. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं अशी जमिनीवरच सांडली.

पुढची नऊ चढउतारात जातात. ताशी पाचशेचा वेग हा वर सरळ उडतानाचा. चढताना एटीआर निवांत असतं, मिनिटाला हजार-बाराशे फूट, आणि पुढे सरकतं ताशी चारशेच्या आसपास. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना सम हजारांची उंची देतात, पूर्वेकडच्यांना विषम, म्हणजे समोरासमोर येणारी एका पातळीवर येऊ नयेत. तेव्हा मुंबईकडे जाताना सोळा हजार फूट धरा. तिथवर पोहोचायला पंधरा मिनिटं आणि शंभर किलोमीटर. उतरायचं गणित वैमानिक तोंडी करतात: जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी नाक खाली घ्यायचं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, वेग उतरवायला आणखी पाच-सहा, मिळून चोपन्न मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. चोपन्न मैल म्हणजे शंभर किलोमीटर. मुंबई विमानतळापासून शंभर किलोमीटर मागे मोजत आलं तर इगतपुरी लागते. आपली गाडीही तिथूनच घाट उतरायला लागते. वरून जा की खालून, सह्याद्रीच्या त्या कडेला उतार सुरू होतोच. शंभर चढण्यात, शंभर उतरण्यात, मग साडेतीनशेतून पूर्ण वेगाचे दीडशेच उरले, एकोणीस मिनिटांचे. उतरायला सतरा. पंधरा, एकोणीस, सतरा मिळून एक्कावन्न; आजोबांच्या हिशोबाने बेचाळीस व्हायची होती.

उरलेली नऊ मिनिटं मुंबईच्या आभाळात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने विमानं उतरवता येत नाहीत. सगळा भार बहुतेक वेळ एकीवरच. दिल्ली, दुबई, बंगळूरहून आलेली मोठी जेट विमानं आणि त्यांच्यामध्ये आपलं पंख्याचं, सगळ्यांत हळू चालणारं. नियंत्रक त्याला कधी समुद्रावर लांब फिरवून आणतो, कधी वेग कमी करायला सांगतो, कधी घिरट्या घालायला लावतो. घिरटीचंही माप ठरलेलं असतं. सेकंदाला तीन अंश वळायचं, म्हणजे अर्धं वर्तुळ एका मिनिटात, मग एक मिनिट सरळ, पुन्हा अर्धं वर्तुळ, पुन्हा एक मिनिट सरळ. एक फेरी चार मिनिटांची. दोन फेऱ्या घातल्या की आठ मिनिटं गेली. खिडकीतून तीच खाडी, तीच मिठागरं, तोच कारखान्याचा धुराडा दुसऱ्यांदा दिसला की समजावं.

पंधरा, नऊ आणि नऊ. तेहतीस. बेचाळीसमध्ये मिळवले की पंचाहत्तर, म्हणजे सव्वा तास.

हिशोब असा जुळला तरी तो रोजच जुळतो असं नाही, आणि खानदेशात तो बिघडवणाऱ्या गोष्टी आपल्या ओळखीच्याच आहेत. पहिली म्हणजे मे महिन्यातलं ऊन. जळगावचा पारा ४५ वर गेला की डांबरावरून वाफा निघताना दिसतात, पट्टीच्या पलीकडची कुसुंब्याकडची झाडं पाण्यात असल्यासारखी हलतात. तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाला श्वास. वैमानिक त्याला घनता-उंची म्हणतात: त्या उंचीवर जेवढं तापमान असायला हवं त्यापेक्षा प्रत्येक जास्तीच्या अंशामागे १२० फूट वाढवायचे. जळगावची पट्टी समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर आहे, तिथे पुस्तकी तापमान तेरा-चौदा अंश. ४५ ला एकतीस-बत्तीस अंश जादा, म्हणजे पावणेचार हजार फूट वर. त्या दुपारी विमानाच्या दृष्टीने जळगावची पट्टी महाबळेश्वराच्या उंचीवर गेलेली असते. आणि तिची लांबी आहे सतराशे मीटरांच्या आसपास. एवढ्यात विमान उचलायचं तर वजन कमी करावं लागतं: कधी सामान मागे राहतं, कधी काही खुर्च्या रिकाम्या सोडाव्या लागतात. लोक चिडतात, ते समजण्यासारखं आहे. पण या बाबतीत वैमानिकाने नाही म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नये. केळीच्या ट्रकमध्ये चार कॅरेट जास्त टाकले तर ट्रक हळू चालतो. विमानाला तशी सवलत नसते, पट्टी संपते तिथे ती संपते. आपल्याकडच्या विमानांच्या वेळा उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर असाव्यात असं मनापासून वाटतं, ते यासाठी.

दुसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो. ताशी ५५ किलोमीटरचा वारा तोंडावर असला तर पाचशेचे चारशेपंचेचाळीस होतात आणि ३५५ किलोमीटरांना अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. परतताना तोच पाठीशी, मग अडतीस. जातायेता मिळून फिटंफाट होते असं वाटतं, तशी ती होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून पंचाऐंशी मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे शहाऐंशी लागली. वारा एक मिनिट ठेवूनच घेतो, कारण तो विरोधात असताना आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ असतो. पट्टीवरच्या वाऱ्याचंही एक आहे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, आणि जळगावची पट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, विमान मुंबईच्याच दिशेने सुटतं, थोडं डावीकडे कललं की झालं. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी भुसावळकडे तोंड करून उडायचं आणि गावाला वळसा घालून परत यायचं, चार-पाच मिनिटांचा भुर्दंड. थंडीतल्या सकाळी तापीकाठच्या धुक्याची वेगळीच कथा. नुसत्या डोळ्यांनी पट्टी पाहून उतरायचं तर पाच किलोमीटरवरचं दिसावं लागतं, आणि डिसेंबरात केळीच्या बागांवर धुकं बसलेलं असतं तेव्हा पाचशे मीटरवरचा विजेचा खांब दिसत नाही.

आणि या सव्वा तासाच्या अलीकडे-पलीकडे जे आहे, ते तिकिटावर कुठेच नसतं. बहुतेक ठिकाणी काउंटर तासभर आधी बंद होतो, गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. चोपड्याहून निघालेल्याला जळगावपर्यंत दीड तास, तिथून अजिंठा रस्त्याने विमानतळ. मुंबईत उतरल्यावर बेल्ट, रिक्षा, ट्रॅफिक. जळगाव शहरातल्या माणसाला घरापासून घरापर्यंत चार-साडेचार तास लागतात. रेल्वेचे ४२० किलोमीटर रात्रीच्या गाडीने झोपेत सरतात आणि पहाटे दादरला उतरता येतं. धुळेकराची गत आणखी वेगळी. जळगाव विमानतळ गाठायलाच त्याला नव्वद किलोमीटर पूर्वेला जावं लागतं, मुंबईच्या उलट दिशेला. त्यापेक्षा तो आग्रा रोड धरतो. नंदुरबारच्या माणसाला सुरत जवळ. शिरपूरजवळच्या तांडे गावाला आणि धुळ्याजवळच्या गोंदूरला पट्ट्या आहेत, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर कापसाच्या शेतांवरून घरघरत असतात. निंदणाऱ्या बायकांना त्यांच्या आवाजावरून वेळ कळते. आभाळ ओळखीचं झालं, पण त्यातून कुठे जायचं असेल तर खाली एसटीच. निम्म्या खानदेशाला ३५५ या आकड्याचा काही उपयोग नाही, आणि हे बोलायला हवं.

तरी त्या सकाळी आजोबांना कुणी एवढं तरी सांगायला हवं होतं की जळगाव आणि मुंबईच्या पट्ट्यांमध्ये पट्टीने रेघ ओढली, तर ती कुठून जाते. ती जवळजवळ रेल्वेच्या रुळांना धरूनच जाते. पाचोऱ्याच्या थोडं उत्तरेकडून, चाळीसगावच्या जवळून, मग मनमाड आणि येवल्याच्या मधून. रूळ तिथे नाशिककडे वळतात, रेघ सरळ जाते. म्हणून तर हवाई आणि रेल्वे अंतरात फरक फक्त पासष्ट किलोमीटरांचा. विमानाला नेमून दिलेला रस्ता या रेघेपासून थोडा इकडेतिकडे होतो, पण फार नाही. चाळीसगाव उड्डाणापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. चढतीचा वेग धरला तर तेराव्या मिनिटाला.

विमान आलं. पंखे थांबले, तो उजवा थांबला तरी शिटी चालूच राहिली. रांग लागली, आजोबांनी पिशवी छातीशी धरली, वांग्यांचे देठ त्यांच्या सदऱ्याला घासत होते. नातू पुढे, ते मागे. शिडीच्या पायथ्याशी क्षणभर थांबून त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, वेळ पाहिली आणि ओठ पुन्हा हलले. खिडकी त्यांना डावीकडची मिळाली असेल, तर तेराव्या मिनिटाला सातमाळा डोंगररांगेची काळी भिंत दिसली असेल, तिच्या पोटात पाटणची हिरवी दरी, आणि अजून दोन-तीन हजार फूट चढायचे बाकी असलेलं विमान.